राष्ट्रध्वज कोणाचा?

(इयत्ता चौथी व पाचवीकरिता परिसर-अभ्यासाचा पाठ)

ध्वजवंदन प्रत्येक शाळेत होते. परंतु “हा ध्वज कोणाचा?” असे विचारल्यास पुष्कळ मुले “सरकारचा” असे उत्तर देतात. हे उत्तर अपुरे का, हे मुलांच्या ध्यानी आणून देणे हा या पाठाचा उद्देश होय.

पूर्वतयारी : गिरीजच्या मुलांस वसईचा किल्ला परका नाही. तेथूनच आरंभ करावा. इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांस दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने किल्ला जिंकला. १७८० च्या अखेरीस तो इंग्रजांनी घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांस परत मिळाला आणि १८१८ मध्ये पेशवाईच्या अस्ताबरोबर येथे इंग्रजांचा अंमल कायम झाला. तट तेच, बुरूज तेच. निशाणे मात्र बदलत गेली. अणजूरच्या गंगाजी नाइकांसारख्या स्थानिक पुरुषांनी मराठ्यांच्या मोहिमेस साह्य केले. तथापि त्या काळी निशाण राज्यकर्त्याचे असे, रयतेचे नसे.

विषयप्रवेश : आपला ध्वज निराळ्या रीतीने जन्मास आला. १९०७ साली मादाम कामा यांनी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे हिंदी स्वातंत्र्याचा ध्वज फडकविला. १९२१ मध्ये पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींस ध्वजाचा नमुना दाखविला. १९३१ मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा व हिरवा हे पट्टे आणि मध्ये चरखा असलेला ध्वज स्वीकारला. तो एका संस्थेचा ध्वज होता. तो राष्ट्राचा व्हावा म्हणून २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने ठराव केला व चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आले. चरख्याचे एका टोकास चाक व दुसऱ्या टोकास चाती; त्यामुळे ते चित्र दोन्ही बाजूंनी सारखे दिसत नसे. चक्र मात्र कोठूनही सारखेच दिसते.

अर्थ : डॉ. राधाकृष्णन यांनी सभेत केशरी रंगाचा त्यागाशी, पांढऱ्याचा प्रकाशाशी, हिरव्याचा भूमी व वनस्पतींशी आणि चक्राचा धर्म व गती यांच्याशी संबंध सांगितला. रंगांची धर्मवार वाटणी करून सांगू नये. गिरीजच्या वर्गात निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसतात. संपूर्ण ध्वज त्या प्रत्येकाचा आहे.

मालकी : नागरिकास आपल्या घरावर वर्षभर ध्वज लावण्याची मोकळीक फार काळ नव्हती. नवीन जिंदाल यांनी न्यायालयात दाद मागितली. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता अमलात आली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकविणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला. मात्र तो हक्क निरंकुश नाही. १९५० च्या कायद्यान्वये परवानगीवाचून व्यापारी चिन्ह म्हणून ध्वज वापरता येत नाही आणि १९७१ च्या कायद्यान्वये त्याचा अवमान हा अपराध आहे. तात्पर्य, कापड विकत घेता येते. चिन्ह कोणासही विकत घेता येत नाही. जे सर्वांचे, ते सर्वांनीच जपावयाचे.

कृती : ९० सें.मी. लांब व ६० सें.मी. रुंद ध्वज काढवून घ्यावा. प्रत्येक पट्टा २० सें.मी., चक्राचा व्यास साडेअठरा सें.मी. २४ आऱ्या असल्याने दोन आऱ्यांमधील कोन किती अंशांचा, हे मुलांनीच काढावे.

स्वाध्याय :
१. किल्ल्यावरील पूर्वीची निशाणे व आपला ध्वज यांत मुख्य भेद कोणता?
२. चरख्याऐवजी चक्र का घेतले?
३. फाटलेला ध्वज फेकून न देता एकांतात, शक्यतो अग्नीत, संपूर्ण नष्ट करावा असा नियम आहे. त्याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.

१५ ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेला कागदी ध्वज एखाद्या मुलाने, कोणी न सांगता, उचलून शाळेत आणून दिला, तर हा पाठ त्यास समजला असे खुशाल मानावे.