डोके एकाचे, उपचार घरभर

शाळा सुरू होऊन महिना झाला की संध्याकाळी दारात बसून मुलींची डोकी पाहण्याचे काम घरोघरी सुरू होते. शेजारीण विचारते, "काय गं, उवा झाल्या का?" आणि आई घाईने सांगते, "छे, कोंडा आहे." ही लपवाछपवीच वस्तीत उवा टिकवून ठेवते, असे आम्हाला वाटते.

उवा अस्वच्छतेने होत नाहीत. ऊ माणसाचे रक्त पिऊन जगते. डोके रोज धुतलेले असो वा नसो, तिला दोन्ही सारखेच. तिला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. ती नुसती चालते, आणि डोक्याला डोके टेकले की पलीकडे जाते. एका खोलीत पाच-सहा माणसे शेजारी शेजारी झोपतात, चार मुले एका मोबाइलवर डोकी जोडून बसतात, तिथे ती पसरणारच. हा दोष अपुऱ्या जागेचा आहे, आईचा नव्हे. उवा झाल्या म्हणून एखाद्या मुलीला वर्गात वेगळे बसवत असतील, तर पालकांनी शांतपणे पण ठामपणे शिक्षकांशी बोलावे. वर्गात वेगळे बसणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायला नको. उपचार सुरू केला की मूल शाळेत जाऊ शकते.

खाज सुटण्याची वाट पाहू नका. पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज यायला चार ते सहा आठवडेही लागतात; तोवर त्या घरभर झालेल्या असतात. ऊ तिळाएवढी, २ ते ३ मिलिमीटर लांब असते आणि उजेड पडताच पळते. लीख मात्र जागची हलत नाही. कानांमागे आणि मानेवरच्या केसांत, मुळाशी पाहा. कोंडा बोटाने झटकला की पडतो. लीख केसाला घट्ट चिकटलेली असते, नखाने ओढावी लागते.

आता थोडा हिशेब, कारण उपचार फसतो तो इथेच. मादी ऊ सुमारे महिनाभर जगते आणि रोज साधारण ६ ते ८ अंडी घालते. लिखेतून पिल्लू बाहेर यायला ८-९ दिवस, आणि ते वाढून स्वतः अंडी घालायला आणखी ९ ते १२ दिवस लागतात. बहुतेक औषधांनी उवा मरतात, पण सगळ्या लिखा मरत नाहीत. म्हणजे आज डोके साफ झाले असे वाटले, तरी आठवड्याने नवी पिल्ले निघतात आणि आपण म्हणतो, "औषध खोटे निघाले."

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे बारीक दातांची फणी. केसांना भरपूर खोबरेल तेल लावा, आधी कंगव्याने गुंता काढा. मग केसांच्या बटा करून एकेक बट मुळापासून टोकापर्यंत फणीने विंचरा आणि दर वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसा, म्हणजे काय निघाले ते दिसते. लांब केसांना अर्धा-पाऊण तास सहज लागतो. दर तीन दिवसांनी असे किमान दोन आठवडे करा. मध्ये कंटाळा केला तर मागची मेहनत वाया.

औषध हवे असेल तर मेडिकलमध्ये १ टक्का परमेथ्रिनचे लोशन मागा. खरजेसाठी मिळणारे ५ टक्क्यांचे मलम वेगळे, ते डोक्याला लावू नये. केस साध्या शाम्पूने धुऊन टिपून घ्यावेत, लोशन मुळांपर्यंत लावावे, १० मिनिटांनी धुवावे. वेष्टनावर वेगळी सूचना असेल तर ती पाळावी. नवव्या दिवशी पुन्हा लावावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला लावू नये. गरोदर बाईने आधी डॉक्टरांना विचारावे. आणि घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी पाहावीत, आजीचे आणि बाबांचेही. ज्यांच्या डोक्यात उवा सापडतील त्या सगळ्यांचा उपचार एकाच दिवशी व्हावा. शेजारच्या घरालाही सांगावे. मुले तर रोज एकत्रच खेळतात.

काही उपाय मात्र जिवावर बेततात. रॉकेल लावलेल्या डोक्याजवळ चूल पेटली तर काय होईल ते सांगायला नको. मुंग्या-झुरळांचा खडू आणि शेतातली फवारणीची औषधे हे विष आहे, ते कातडीतून अंगात भिनते. सीताफळाच्या बियांची पूड तर कितीतरी घरांत वापरतात. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, भयंकर आग होते. गेलीच, तर डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. मुलीचे केस भादरण्याचीही गरज नाही. फणीने जे होते त्यासाठी तिला चारचौघांत खाली मान घालायला का लावायचे?

डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांतच मरते, म्हणून घरभर फवारणी नको. उशीचे अभ्रे, ओढण्या, रिबिनी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. फणी-कंगवे दहा मिनिटे कढत पाण्यात ठेवा. शाळेत जाताना केस मोकळे न सोडता घट्ट वेण्या घाला.

खाजवून डोक्यात पू झाला, मानेला गाठी आल्या किंवा ताप आला तर आरोग्य केंद्रात दाखवा. पापण्यांत लिखा दिसल्या तर तिथे काहीही न लावता थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.