गंजलेली बिडाची भांडी पुन्हा वापरात आणा

बिडाचा तवा, कढई, आप्पेपात्र ही भांडी पूर्वी घरोघरी होती. ॲल्युमिनियम व नॉनस्टिक भांडी आल्यावर ती माळ्यावर गेली, गंजली आणि शेवटी भंगारात निघाली. वास्तविक गंज बहुधा वरवरचाच असतो. थोड्या श्रमात असे भांडे पुढच्या पिढीपर्यंत टिकते.

भांड्याची पारख

भांडे टिचकीने वाजवून पाहावे. बद्द आवाज आल्यास तडा असण्याची शक्यता असते. तडा गेलेले भांडे वापरू नये. कीटकनाशक, रंग किंवा शिसे यांसाठी वापरलेले भांडे कितीही घासले तरी स्वयंपाकात घेऊ नये.

गंज काढणे

१) नारळाची शेंडी व राख किंवा पॉलिश पेपरने कोरडेच घासून सुटा गंज काढावा.

२) गंज जाड असल्यास व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन भांडे त्यात अर्धा तास बुडवावे व घासावे. गरज वाटल्यास पुन्हा बुडवावे. चिंचेचा दाट कोळ चोळूनही गंज सुटतो. आम्ल गंजाबरोबर लोखंडही खाते, म्हणून भांडे रात्रभर भिजत ठेवू नये.

३) साबणाने धुऊन लगेच पुसावे व मंद आचेवर पूर्ण कोरडे करावे. ओले राहिल्यास काही वेळातच पुन्हा तांबूस गंज धरतो.

तेलाचा थर बसविणे

कोमट भांड्यास आतून-बाहेरून जवसाचे किंवा शेंगदाण्याचे खाद्यतेल लावावे. नंतर कोरड्या फडक्याने, तेल उरलेच नाही असे वाटेपर्यंत पुसून घ्यावे. खिडक्या उघड्या ठेवून, धूर येऊन थांबेपर्यंत भांडे तापवावे व आपोआप निवू द्यावे. ही क्रिया तीन-चार वेळा करावी. उष्णतेने तेलाचा कठीण, काळसर थर तयार होतो. तो हवा व ओलावा लोखंडापर्यंत सहजी पोहोचू देत नाही आणि पदार्थही चिकटत नाही. भांडे चिकट लागल्यास तेल जास्त झाले असे समजावे. रंगाच्या दुकानातील जवस तेल वापरू नये, ते खाण्यायोग्य नसते. जवस तेलाच्या चिंध्यांचा ढीग करू नये, तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात.

वापर व निगा

सुरुवातीस कांदा परतावा, घावन किंवा धिरडी करावीत. थर पक्का होईपर्यंत चिंच, आमसूल, टोमॅटो टाळावेत. शिजलेला पदार्थ भांड्यात ठेवू नये. तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतू नये, बीड तडकते. वापरानंतर धुऊन, आचेवर वाळवून तेलाचा हात फिरवावा. पावसाळ्यात भांडे कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावे.

आरोग्याच्या दृष्टीने

सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांत रक्तक्षय आढळला. लोखंडी भांड्यात शिजविल्याने, विशेषतः आंबट पदार्थात, लोहाचा काही अंश उतरतो. थर पक्का असल्यास तो कमी उतरतो. म्हणून पालेभाज्या, कडधान्ये यांची ही जोड आहे, लोहाच्या गोळ्यांना पर्याय नव्हे. घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असल्यास डॉक्टरांना विचारूनच ही भांडी वापरावीत.

तेव्हा भगिनींनो, माळ्यावरचा तवा भंगारवाल्याच्या काट्यावर चढविण्यापूर्वी एकदा घासून तर पाहा!