सुयांवर विणलेला टाय लोंबतो का?

प्रश्न : नातवाला मुंबईत पहिली नोकरी लागली आहे. त्याला स्वतःच्या हाताने टाय विणून द्यावा असं मनात आहे. दोन सुयांवर लोकरीचा पट्टा विणला, सगळ्या ओळी सुलट. मापाला बरोबर होता, पण खुंटीला टांगला तर चार दिवसांत चांगला वीतभर वाढला. दुकानातले विणीचे टाय असे का लोंबत नाहीत?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, दोष तुमच्या हाताचा नाही, निवडलेल्या विणीचा आहे. सगळ्या ओळी सुलट विणल्या की आडव्या वळ्या उमटतात आणि त्या एकमेकींना खेटून बसतात. टेपने मोजताना पट्टा आखूड भरतो. टांगला की स्वतःच्याच वजनाने त्या वळ्या उलगडतात. टायसाठी याहून गैरसोयीची वीण शोधून सापडणार नाही.

मागावरच्या कापडात धागे उभे-आडवे सरळ जातात, त्यांना वाढायला फारशी जागा नसते. म्हणून नेहमीच्या टायसाठी कापड मुद्दाम ४५ अंशांत तिरकं कापतात, तेव्हा कुठे गाठ मारण्यापुरता ताण मिळतो. असे तिरके तीन तुकडे जोडून टाय शिवण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने १९२०च्या दशकात आणली. सुयांवरच्या विणीत ताण आधीच भरपूर असतो. ओढ बसली की प्रत्येक फासा शेजारचा धागा उंचीकडे खेचतो. पट्टा लांबतो आणि अरुंद होतो. दुकानातल्या टायचा धागा अगदी बारीक, बहुधा रेशमी, आणि मशीनची वीण घट्ट असते. पुष्कळदा तो नळीसारखा विणून चपटा केलेला, म्हणजे दुहेरी असतो. त्यामुळे फाशांना सरकायला वाव कमी.

हाताने विणताना दोन वाटा आहेत. सोपी वाट म्हणजे एक सुलट, एक उलट. टाके विषम संख्येत घाला आणि प्रत्येक ओळ सुलट टाक्यानेच सुरू करा. दाणेदार पोत आपोआप येतो. कडा गुंडाळत नाहीत आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणाल तर कापड गुळगुळीत होईल, पण कडा आत वळून टायची सुरनळी होईल.

दुसरी वाट मला अधिक आवडते. एक टाका सुलट विणायचा, पुढचा न विणता धागा त्याच्या समोरून नेऊन नुसता दुसऱ्या सुईवर घ्यायचा. पुढच्या ओळीत हेच उलट बाजूने, आधी विणलेला सोडून आणि सोडलेला विणून. आडवे जाणारे धागे कापडाला बांधून ठेवतात आणि वीण मागावरच्या कापडासारखी दिसते. काम फार सावकाश चालतं. यासाठी सुई नेहमीपेक्षा एक-दोन नंबर जाड घ्या, नाहीतर पट्टा पुठ्ठ्यासारखा ताठ होईल.

मुंबईच्या दमट हवेत लोकर नकोशी होईल, हा विचार तुमच्या मनात आला असेलच. चकाकीचा बारीक सुती धागा चालेल. मात्र सूत जड असतं आणि एकदा ताणलं की लोकरीसारखं परत आखडत नाही. सुतासाठी दुसरीच वीण धरा.

दाणेदार विणीला बारीक धागा, ३ मिमी सुया आणि १७ टाके घेतले तर रुंदी साधारण ६ सेंमी येते. टोक सरळ चौकोनी ठेवा. विणीच्या टायची ती ओळखच आहे. पहिले ४५-५० सेंमी झाले की दर चार-पाच सेंमीनंतर मधल्या तीन टाक्यांचा एक करा. दोन-दोन टाके कमी होत गेल्याने संख्या विषमच राहते आणि दाणे बिघडत नाहीत. ९ टाक्यांवर थांबा आणि तेवढ्याच रुंदीने शेवटपर्यंत जा. मानेच्या भागाला मागून बारीक सुती फीत शिवून टाका, कारण सगळ्यात जास्त ओढ तिथेच बसते.

नातवाला गाठ साधी, एकाच वेढ्याची मारायला सांगा. विंडसर गाठीत वेढे जास्त, आणि जाड विणीत तिचा गोळा होतो. इयान फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांतला जेम्स बाँड काळा विणीचा रेशमी टाय वापरतो, आणि १९५७च्या ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’मध्ये विंडसर गाठ मारणाऱ्या माणसावर त्याचा विश्वास बसत नाही. विणीच्या टायपुरतं तरी माझं मत बाँडच्या बाजूने आहे. घरी आल्यावर गाठ पूर्ण सोडावी आणि टाय गुंडाळून खणात ठेवावा. खुंटीला कधीच नाही.

आता टाके घालण्याआधी एक करा. त्याच धाग्याचा १५ सेंमीचा नमुना विणा, धुऊन सपाट वाळवा, मग खाली कपड्यांचे दोन चिमटे लावून रात्रभर टांगा. सकाळी तो १६ सेंमी भरला, तर १४५ सेंमीच्या टायसाठी १३६ सेंमीलाच टाके बंद करा.