रानकांदा : आधी फूल, मग पान

कांदा म्हटला की आपल्याला भाकरीसोबतचा कांदा आठवतो. परंतु आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माळावर, गवतात, मुरमाड टेकाडांवर आणखी एक कांदा राहतो. त्याला रानकांदा किंवा कोळकांदा म्हणतात. तो खाण्याचा नाही, हे वाचक मित्रहो, प्रथमच सांगून ठेवते. तो विषारी आहे. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये त्यात असतात. घरच्या कांद्यासारखा उग्र वास त्याला येत नाही. कापला तर चिकट रस निघतो आणि हाताला खाज सुटते. कांद्याची पात पोकळ असते, रानकांद्याची पाने पट्टीसारखी चपटी असतात. गुरेही त्याला तोंड लावत नाहीत, म्हणूनच चराईच्या रानात तो टिकून राहिला असावा.

या वनस्पतीची तऱ्हा न्यारी आहे. पळस जसा पाने गाळून फुलतो, तसा हाही बिनपानांचा फुलतो. भर उन्हाळ्यात, जमीन तापून भेगाळलेली असताना, उघड्या मातीतून एक सरळ दांडा वर येतो आणि त्यावर फिकट, हिरवट-तपकिरी झाक असलेली लहान फुले लोंबतात. पाने येतात ती पावसाबरोबर. पावसाळाभर पाने अन्न तयार करून कांद्यात साठवितात आणि हिवाळ्यात वाळून जातात. त्याच साठ्यावर पुढच्या उन्हाळ्यात पाण्याच्या थेंबाशिवाय फूल येते.

शास्त्रज्ञांनी त्याची नावे अनेकदा बदलली. रॉक्सबर्ग यांनी त्याला सिला म्हटले, पुढे तो उर्जिनिया झाला, आणि १९७७ साली जेसप यांनी त्याला ड्रिमिया इंडिका हे नाव दिले. उर्जिनिया हे नाव वाचून मला प्रथम आमचे ऊर्जानगरच आठवले! परंतु ते नाव अल्जीरियातील एका अरब जमातीच्या नावावरून १८३४ साली ठेवलेले आहे. पूर्वी हा लिलीच्या कुळात गणला जाई, आता शतावरीच्या कुळात गणतात. भूमध्य सागराकाठच्या त्याच्या भावंडापासून युरोपात खोकल्याचे औषध करीत, आणि त्याऐवजी आपला रानकांदा चालतो म्हणून ब्रिटिश औषधिकोशातही त्याला जागा मिळाली होती. मात्र औषध आणि विष यांच्या मात्रेत अंतर थोडे असल्याने घरी कोणी प्रयोग करू नये.

आता माझ्या प्रयोगाविषयी. बारावीनंतरच्या जून महिन्यात मी गावी गेले होते. गावाजवळच्या टेकाडाचा मुरूम रस्त्यासाठी खोदून नेला होता, आणि उपसलेल्या मातीत रानकांदे उताणे पडले होते. सात कांदे पिशवीत घालून क्वार्टरवर आणले. बाबांनी तेलाचे रिकामे डबे दिले. मी त्यांत चांगली काळी माती व शेणखत भरले आणि रोज सकाळी पाणी घातले. पावसाळ्यात पाने छान वाढली. डिसेंबरात ती पिवळी पडू लागली, तेव्हा मला वाटले, झाड तहानले आहे. म्हणून पाणी दुप्पट केले. होळीच्या सुमारास आजी आली. तिने डब्यात बोट खुपसले आणि म्हणाली, “त्याले पानी नोको देऊ वं, थो सडन.” उकरून पाहिले तर चार कांद्यांचा चिखल झाला होता. आजी शाळेत गेलेली नाही. मी घरातली कॉलेजात गेलेली पहिली. त्या दिवशी मला फार लाज वाटली.

उरलेले तीन आम्ही मुरूम आणि वाळू मिसळून पुन्हा लावले. डब्यांच्या बुडाला खिळ्याने भोके पाडली. कांद्याचा माथा मातीबाहेर ठेवला. डबे मागच्या भिंतीवर उन्हात ठेवून दिले आणि पाणी अजिबात बंद. एप्रिलमध्ये, कूलरसमोरून उठवत नव्हते अशा दिवसांत, दोन डब्यांतून दांडे निघाले. शेजारच्या काकू विचारीत, “ही वाळकी काडी कशाला जपतेस गं?” फुले झडल्यावर तीन कप्प्यांची बोंडे धरली. ती तडकली तेव्हा आत काळ्या, चपट्या, कागदासारख्या पातळ बिया निघाल्या. त्या वाऱ्याने उडतात, म्हणून बोंडावर जुन्या ओढणीचा तुकडा बांधला होता.

पहिल्या पावसानंतर बिया वाळूवर पसरून वर नावापुरती माती भुरभुरली. अकरा रोपे उगवली, दोऱ्यासारखी बारीक.

हे सांगण्याचे कारण असे की बियांपासून रानकांदा वाढविता येतो. माळावरचा उपटून आणण्याची गरज नाही. वेळ मात्र लागतो, फूल यायला काही वर्षे. माळ गेला तर तो सहज परत येणार नाही. अशा गवताळ, झुडपी जागेला आपण ‘पडीत’ म्हणतो. विदर्भातील झुडपी जंगल हे वनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली सांगितले. आमच्या गावचे टेकाड कागदोपत्री काय होते ते बाबांनाही ठाऊक नाही. तेथे आता खड्डा आहे.

अकराही रोपांची पाने सध्या पिवळी पडत आहेत. मी पाणी बंद केले आहे.