निर्गुडीचा पाला आणि आमवाताच्या गोळ्या

प्रश्न : आईला आमवात आहे. निर्गुडीच्या पानांचा अर्क पेशींमधली सूज उतरवतो, असं वाचलं. गोळ्या बंद करून रस देऊ का?
– एक वाचक, ताडकळस

उत्तर : गोळ्या बंद करू नका. वाचलंत ते खोटं नाही. पण असे प्रयोग बहुतेक काचेच्या बशीतल्या पेशींवर होतात. प्यायलेल्या रसातलं किती रक्तात उतरेल, सांगता येत नाही. गोळ्या थांबल्या की सांधे आतून झिजतात आणि ती झीज भरून येत नाही. पाला वाफवून, कोमट झाल्यावर फडक्यात बांधून गुडघे खुशाल शेका. जखमेवर मात्र नको. गुळवेलही मनानं सुरू करू नका. मुंबईत २०२० साली ती घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. आईंना मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी चालू असेल, तर कोणताही काढा देण्याआधी डॉक्टरांना विचारा.