पिंग : ओळख, संशय आणि बंदोबस्त

होस्टेलवर नेट अडलं की आपण सगळे पहिलं काम एकच करतो. काळी खिडकी उघडायची, 'पिंग' लिहायचं, पुढे गेटवेचा पत्ता द्यायचा आणि उत्तर येतंय का ते बघायचं. नेटवर्क तपासण्याचं हे सगळ्यात साधं हत्यार. पण हेच हत्यार उलटं फिरलं तर आख्ख्या होस्टेलचं नेट बसवू शकतं, हे गेल्या सत्रात आपण पाहिलं. त्या वेळी तपासाचं बरंचसं काम मी केलं. ते पुस्तकातल्या धड्याशी जोडून इथे मांडतोय, म्हणजे पुढच्या बॅचला पुन्हा पहिल्यापासून डोकं खाजवायला नको.

१) पिंग म्हणजे नेमकं काय?

शेजारच्या खोलीच्या दारावर थाप मारून "आहेस का रे?" असं विचारावं आणि आतून "हो, आहे" असं यावं, इतकंच ते. यासाठी जो प्रोटोकॉल वापरतात त्याचं नाव आयसीएमपी. जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या आरएफसी ७९२ या सप्टेंबर १९८१ च्या दस्तऐवजात त्याची व्याख्या आहे. विचारणाऱ्या निरोपाचा प्रकार ८, उत्तराचा प्रकार ०. 'पिंग' हा प्रोग्राम मात्र डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी लिहिला. पाणबुडीतल्या सोनारचा आवाज जसा जाऊन आदळून परत येतो, त्यावरून त्यांनी हे नाव ठेवलं.

विंडोजचा पिंग प्रत्येक वेळी ३२ बाइटचा मजकूर पाठवतो आणि चार वेळा विचारून थांबतो. लिनक्सचा पिंग ५६ बाइट पाठवतो आणि आपण थांबवेपर्यंत थांबत नाही. एक गोष्ट व्हायवामध्ये हमखास चुकते ती अशी, की पिंगला पोर्ट नंबर नसतो. त्यामुळे "पिंगचा पोर्ट बंद करा" या सूचनेला काही अर्थच नाही. अडवायचं असेल तर आयसीएमपीच्या प्रकारावरून अडवावं लागतं.

२) संशय कधी घ्यायचा?

पिंग दिसला म्हणजे हल्ला झाला, असं मुळीच नाही. प्रिंटर, वाय-फायचे अ‍ॅक्सेस पॉइंट, देखरेखीचे प्रोग्राम हे दिवसभर पिंग करतच असतात. पण पुढच्या चारपैकी एखादी गोष्ट दिसली की कान टवकारायचे.

पहिली, क्रमाने थापा. एकच मशीन ओळीने .१, .२, .३ असे पत्ते विचारत सुटलं, तर ते कोण जागं आहे याची यादी करतंय. दुसरी, एकाच आकाराचा पूर. ऑगस्ट २००३ मध्ये नाची ऊर्फ वेल्चिया हा वर्म पसरला. तो शिकार शोधताना जे पिंग पाठवायचा ते बरोबर ९२ बाइटचे असायचे, आणि त्या काळी अनेक नेटवर्कवाल्यांनी केवळ या आकारावरून त्याला अडवलं. तिसरी, एका निरोपाला ढीगभर उत्तरं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गाजलेला 'स्मर्फ' हल्ला असाच होता. सगळ्या नेटवर्कला एकदम विचारायचं, पण विचारणाऱ्याच्या जागी दुसऱ्याचाच पत्ता लिहायचा, म्हणजे सगळी उत्तरं त्या बिचाऱ्याच्या अंगावर. चौथी, पिंगमध्ये नेहमीपेक्षा मोठा आणि सतत बदलणारा मजकूर. पिंगच्या पोटात लपवून माहिती बाहेर नेता येते.

हे लांब कुठे परदेशातच घडतं असंही नाही. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या इंटरनेट सेवा देणाऱ्यांवर ट्रॅफिकचा प्रचंड मारा झाला होता आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला होता.

३) आपल्याकडची लक्षणं

आपल्या होस्टेलची मांडणी साधी आहे. प्रत्येक मजल्यावर एक स्विच, खाली लिनक्सवर चालणारं एक गेटवे मशीन आणि तिथून बाहेर. शिष्यवृत्तीचे ऑनलाइन फॉर्म भरायची शेवटची तारीख चार दिवसांवर होती आणि नेमकं तेव्हाच पान उघडेना. आपल्यापैकी कित्येकांची फी त्या फॉर्मवर अवलंबून. कापसाचा पैसा घरात यायच्या आधी फीचा हप्ता दारात उभा असतो, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या पोरांना वेगळं सांगायला नको.

विचित्र गोष्ट ही, की आधीपासून चालू असलेलं डाउनलोड सुरळीत चालू होतं. नवीन पान मात्र उघडत नव्हतं. बँडविड्थचा आलेख पाहिला तर लाइन अर्धीसुद्धा भरलेली नाही. कोणी म्हणे केबल खराब, कोणी म्हणे कंपनीचाच प्रॉब्लेम. पण "जुनं चालतं, नवं अडतं" हे लक्षण फार बोलकं आहे. अशा वेळी गेटवेची जोडण्यांची वही तपासायची.

गेटवे आपल्या सगळ्यांचे खासगी पत्ते एका बाहेरच्या पत्त्यामागे लपवतो. कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं हे लक्षात राहावं म्हणून तो प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो. आपल्या गेटवेवर अशा नोंदींची मर्यादा ६५,५३६ होती. लॉग उघडला तर तीच ओळ पुन्हा पुन्हा: टेबल भरलं, पॅकेट टाकून दिलं.

आता हिशोब करू. वेगवेगळ्या पत्त्यांना केलेल्या प्रत्येक पिंगची वेगळी नोंद होते आणि उत्तर आलं नाही तर ती ३० सेकंद राहते. मी मोजलं तेव्हा सेकंदाला साधारण २,४०० पिंग जात होते. २,४०० गुणिले ३० म्हणजे ७२,०००. वही भरली! आणि लाइनवर भार किती? ३२ बाइट मजकूर, ८ बाइट आयसीएमपीचं शीर्षक, २० आयपीचं, १४ इथरनेटचं, मिळून ७४ बाइट. ७४ गुणिले ८ गुणिले २,४०० म्हणजे सेकंदाला जेमतेम १.४ मेगाबिट. म्हणून आलेखावर काहीच दिसत नव्हतं. रस्ता मोकळा होता, टोलनाक्यावरची पावतीपुस्तकं संपली होती.

४) पत्ता म्हणजे माणूस नव्हे

वहीतल्या बहुतेक नोंदी एकाच पत्त्याच्या निघाल्या, १०.१०.२.४७. पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरच्या यादीत हा पत्ता फर्स्ट इयरच्या एका मुलाच्या लॅपटॉपच्या नावावर. झालं, लॅपटॉप जमा करून त्याचं नेट सत्रभर बंद करायचं, असं ठरत आलं. तो मुलगा आर्णीकडच्या एका गावचा, दोन दिवस घरी गेलेला. फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाला, "दादा, मी तर गावी आहो ना, लॅपटॉपही माझ्याजवळच आहे. मग माझं नाव कसं काय आलं?" त्याचाही फॉर्म भरायचा राहिला होता.

म्हणून रेक्टर सरांकडून एक दिवस मागून घेतला आणि वायरशार्कने गेटवेजवळचे पॅकेट पकडले. तीन गोष्टी पाहिल्या.

एक, टीटीएल. विंडोज साधारण १२८ पासून सुरुवात करतं, लिनक्स ६४ पासून. पकडलेल्या पॅकेटमध्ये १२८ होते, आणि त्या मुलाच्या लॅपटॉपवर फक्त उबंटू. हा आकडा बदलता येतो, म्हणून याला पुरावा म्हणू नये, इशारा म्हणावं.

दोन, मॅक पत्ता. सर्व्हरच्या यादीत त्याच्या लॅपटॉपचा मॅक वेगळा, पॅकेटवरचा वेगळा. म्हणजे आयपी तोच, मशीन दुसरं. पण मॅकही बदलता येतो. हल्लीचे मोबाइल तर प्रत्येक वाय-फायसाठी आपोआप वेगळा मॅक घेतात. म्हणून इथेही थांबायचं नाही.

तीन, स्विचचा पोर्ट. कोणता मॅक कोणत्या पोर्टवरून येतोय याची यादी स्विच स्वतः ठेवतो. ही खरी जमिनीवरची खूण. पहिल्या मजल्यावरच्या स्विचचा पोर्ट १७. त्यातून निघालेल्या वायरीमागे मी चालत गेलो, तर ती वाचनालयातल्या सगळ्यांसाठी ठेवलेल्या डेस्कटॉपमध्ये शिरलेली.

त्या डेस्कटॉपला कधीकाळी हाताने .४७ हा पत्ता दिलेला होता आणि सर्व्हरने तोच पत्ता पुन्हा त्या मुलाला वाटला. "माझं नेट मधूनमधून तुटतं" ही त्याची जुनी तक्रार याचमुळे होती. डेस्कटॉपमध्ये पेनड्राइव्हवरून आलेला एक प्रोग्राम बसला होता. तो आधी पिंग करून कोण उत्तर देतं ते पाहायचा आणि उत्तर देणाऱ्याच्या ४४५ नंबरच्या पोर्टवर धडका मारायचा. मे २०१७ मध्ये जगभर गाजलेला वॉनाक्राय याच पोर्टवरून पसरला होता. मशीन फॉरमॅट केलं, सगळे अपडेट टाकले. चोर खोलीत नव्हताच, तो सगळ्यांच्या टेबलावर बसला होता.

५) अडवायचं कुठे, आणि काय अडवायचं नाही

नियम असा, की पाणी जिथून फुटलं तिथेच बांध घालायचा. म्हणून सगळ्यात आधी स्विचचा तो एक पोर्ट बंद. अर्ध्या मिनिटात वही रिकामी झाली आणि पानं उघडायला लागली.

मग पुढची सोय म्हणून गेटवेच्या आयपीटेबल्समध्ये दोन नियम टाकले. पहिला, प्रत्येक मशीनला सेकंदाला ५ पिंग विचारायची मुभा. दुसरा, त्यावरचे सगळे पिंग टाकून द्यायचे. दोन्ही नियम लागतात. नुसती मुभा दिली आणि खाली नकार लिहिला नाही, तर जास्तीचे पिंग पुढच्या नियमांतून निघून जातात. हे नियम चालू जोडण्यांना वाट देणाऱ्या नियमाच्या वर ठेवायचे. मर्यादा मशीनवार ठेवायची. सगळ्यांची मिळून एकच ठेवली तर एकाच्या उपद्रवाने बाकीच्यांचं तपासणं बंद पडतं. हाताने दिलेले पत्तेही आता सर्व्हरच्या वाटपातून वगळले आहेत.

"मग सगळा आयसीएमपीच बंद करून टाकू ना!" असं बऱ्याच जणांनी सुचवलं. तसं करू नका. पॅकेट मोठं आहे, लहान करून पाठव, हा निरोप आयसीएमपीच आणतो: प्रकार ३, कोड ४. तो अडवला की काही साइट अर्धवट उघडून लटकतात आणि कारण काही केल्या सापडत नाही. प्रकार ११ अडवला तर ट्रेसरूट आंधळा होतो. आयपीव्ही६ मध्ये तर शेजारचं मशीन शोधण्याचं कामसुद्धा आयसीएमपीव्ही६ करतो, तो सरसकट बंद केला तर नेटवर्कच बंद.

शेवटी दोन शब्द. गंमत म्हणून कुणावर पिंगचा मारा करून पाहू, असं कुणाच्या मनात असेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ची कलमं ४३ आणि ६६ वाचा. दुसऱ्याचं नेटवर्क मुद्दाम अडवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रयोग करायचाच असेल तर लॅबमध्ये, सरांना सांगून, बाहेरच्या नेटपासून तोडलेल्या दोन मशीनवर करा.

आणि ज्यांच्या हाती नेटवर्कची किल्ली आहे त्यांना विनंती, की यादीत नाव दिसलं म्हणून कुणाचं नेट तोडू नका. आयपी, मग मॅक, मग पोर्ट, मग वायर, या चार पायऱ्या उतरल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. त्या मुलाचा फॉर्म शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री भरला गेला. पोर्ट आणि खोल्यांचा तक्ता आता रेक्टर ऑफिसात भिंतीवर लावला आहे. वायर बदलली की त्यात लगेच दुरुस्ती करा.