फवारणीची विषबाधा : दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्या



सोलापूर जिल्ह्यात द्राक्ष, डाळिंब, तूर या पिकांवर अनेक कीटकनाशके फवारली जातात. फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणे किंवा स्नायू फडफडणे ही लक्षणे दिसल्यास विषबाधेची शंका घ्यावी. कुंभारी येथे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकाही मिळते. पण दवाखाना जवळ असला तरी कोणते विष शरीरात गेले हे डॉक्टरांना रुग्णाकडूनच कळते.

सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली व २० हून अधिक दगावले. अनेकांनी औषधांचे मिश्रण फवारले होते. त्यामुळे नेमके विष ओळखणे अवघड गेले.

विष ओळखणे महत्त्वाचे का? क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गनोफॉस्फरस गटातील औषधे आहेत. त्यांच्या विषबाधेवर अॅट्रोपीन हा उतारा देतात. सायपरमेथ्रीनसारख्या पायरेथ्रॉइड औषधांवर खास उतारा नाही. लक्षणांनुसार उपचार करावे लागतात.

यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१) रुग्णाला शेतातून बाजूला न्यावे, कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. मुद्दाम उलटी करवू नये. दूध, तूप पाजू नये.

२) औषधाचा डबा व माहितीपत्रक पिशवीत बांधून सोबत न्यावे. मिश्रण असल्यास सर्व डबे न्यावेत. माहितीपत्रकावर विषबाधेची लक्षणे व उतारा छापलेला असतो.

३) फवारणी किती वाजता, किती वेळ केली व औषध अंगावर सांडले, श्वासातून गेले की पोटात, हे सांगावे. काहीही लपवू नये.

४) दमा, हृदयविकार, मधुमेह, चालू गोळ्या व औषधाची अॅलर्जी न विचारताही सांगावी.

५) बरे वाटले म्हणून लगेच घरी सोडण्याचा आग्रह धरू नये. ऑर्गनोफॉस्फरस विषबाधेत १ ते ४ दिवसांनीही श्वसनाचे स्नायू दुर्बल होऊ शकतात.

६) घरी जाताना गोळ्या कशा घ्यायच्या व कोणत्या लक्षणांवर परत यायचे, हे विचारून लिहून घ्यावे.

प्रत्येक फवारणीची तारीख, औषधाचे नाव व प्रमाण वहीत लिहून ठेवा आणि ती वही कोठे असते हे घरातील सर्वांना सांगा. रुग्ण बेशुद्ध असल्यास डॉक्टरांना माहिती या वहीतूनच मिळेल.